चिपसेटचा कूलर आणि भिवंडीची हवा

भिवंडीतल्या यंत्रमाग कारखान्याच्या कचेरीतला, चार-पाच वर्षं न उघडलेला संगणक उघडला की मदरबोर्डाच्या आधी नजरेला पडतो तो करड्या-पांढऱ्या लोकरीसारखा थर. सुताचे बारीक तंतू, ताण्याला दिलेल्या खळीची पूड आणि रस्त्यावरची धूळ यांचा तो बनलेला असतो. प्रोसेसरच्या मोठ्या पंख्यावर तो असतोच. पण त्याचा सगळ्यात घट्ट भाग सापडतो बोर्डाच्या मध्यावर किंवा खालच्या उजव्या बाजूला, काड्यापेटीएवढ्या एका ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यावर. ठोकळ्याला बारीक उभ्या पट्ट्या असतात आणि पट्ट्यांमधल्या फटी पूर्ण बुजलेल्या असतात. चिमट्याने ओढलं तर हा थर भुकटी होऊन झडत नाही. घोंगडीच्या तुकड्यासारखा अख्खा निघून येतो.

त्या ठोकळ्याच्या खाली चिपसेट असतो.

भिवंडीत गोदामाच्या दारावर मुकादम उभा असतो. कुठला ट्रक कुठल्या धक्क्याला लावायचा, कुठली पेटी कुठल्या रांगेत जायची, कोण आधी आणि कोण नंतर, हे तो ठरवतो. माल त्याचा नसतो, पण तो जागेवर नसला तर सगळं गोदाम थांबतं. संगणकात हे काम चिपसेट करतो. हार्ड डिस्क, यूएसबीला जोडलेला कीबोर्ड-माउस, प्रिंटर, नेटवर्कची वायर, आवाज या सगळ्यांची ये-जा त्याच्यातून होते. हे काम करताना तो वीज खातो आणि खाल्लेली जवळजवळ सगळी वीज उष्णता होऊन बाहेर पडते. ती उष्णता हवेत सोडण्यासाठी जो धातूचा ठोकळा, पंखा किंवा नळ्यांची रचना बसवतात, तो चिपसेटचा कूलर. प्रोसेसरच्या कूलरबद्दल दुकानदारही बोलतो आणि गिऱ्हाईकही विचारतं. चिपसेटच्या कूलरची चौकशी सहसा बोर्ड गेल्यावर होते.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला चिपसेटवर काहीच बसवलेलं नसे. चिप उघडीच असायची. १९९८ साली आलेल्या इंटेलच्या ४४०बीएक्सवर अनेक बोर्डांत छोटासा हीटसिंक, म्हणजे असा धातूचा ठोकळा, दिसू लागला. पुढे दोन चिपांची रचना रूढ झाली. प्रोसेसरजवळची नॉर्थब्रिज मेमरी आणि ग्राफिक्स सांभाळायची, खालची साउथब्रिज बाकीची सावकाश चालणारी कामं. नॉर्थब्रिज तापट. २००७ च्या इंटेल एक्स३८ या चिपसेटची उष्णता २६.५ वॅटपर्यंत जायची, २००८ च्या एक्स५८ ची २४.१ वॅट. नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यातून वीस-पंचवीस वॅट बाहेर पडणं म्हणजे काय, हे ज्याने जुना छोटा सोल्डरिंग आयर्न हातात धरला आहे त्याला सांगावं लागणार नाही. त्यातले बरेचसे २५ वॅटचेच असतात.

मग ही तापट कामं एकेक करून प्रोसेसरच्या पोटात गेली. एएमडीने २००३ मध्ये मेमरीचं नियंत्रण प्रोसेसरमध्ये हलवलं, इंटेलने २००८ मध्ये. २००९ च्या पी५५ पासून इंटेलच्या साध्या बोर्डांवरही चिपसेटची एकच चिप उरली. त्यानंतर आकडे एकदम खाली आले. भारतभर लाखो कचेऱ्यांत पोचलेल्या एच६१ चा आकडा आहे ६.१ वॅट. २०२१ च्या झेड६९० चा सुमारे ६.

हा इतिहास इथे सांगण्याचं कारण व्यवहाराचं आहे. कूलर घ्यायला निघण्याआधी बोर्डावर छापलेलं नाव वाचावं. सहा वॅटचा चिपसेट आणि चोवीस वॅटचा चिपसेट यांना एकच कूलर सुचवणारा माणूस अंदाजाने बोलतो आहे, हे धरून चालावं.

भिवंडीत अजूनही दोन्ही पिढ्या नांदतात. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला आणि १ एप्रिल २०१८ पासून पन्नास हजारांवरचा माल राज्याबाहेर पाठवायचा तर ई-वे बिल सक्तीचं झालं. तोवर ज्या कारखान्याचा हिशेब वहीत मावत होता, तिथेही संगणक आला. नवा घेण्याची ऐपत किंवा गरज प्रत्येकाला नव्हती. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे कागदोपत्रीच्या डॉ. भडकमकर मार्गावरून, जुन्या बोर्डांवर बांधलेले संगणक आले. जी३१, जी४१, एच६१ ही नावं दुरुस्तीच्या टेबलावर आजही ऐकू येतात. जी३१ ची नॉर्थब्रिज पंधरा वॅटच्या आसपास तापते आणि तिच्या जोडीची आयसीएच७ ही साउथब्रिज अनेक स्वस्त बोर्डांवर उघडीच ठेवलेली असते. दुसरीकडे मानकोली, पूर्णा, राहनाळ, वळ या पट्ट्यात गोदामं उभी राहिली. मुंबईच्या जकात नाक्याबाहेर माल उतरवण्याची सोय हे त्यामागचं जुनं कारण. जकात गेली तरी गोदामं वाढतच राहिली आणि पत्र्याच्या उंच छपराखाली बारकोड छापणारे, आवक-जावक नोंदवणारे संगणक दिवसरात्र चालू लागले.

आता हवा.

कूलरची परीक्षणं सहसा वीस-पंचवीस अंशांच्या स्वच्छ खोलीत होतात. भिवंडीत मे महिन्यात पत्र्याखालची दुपार चाळीस अंशांची असते. ती खोली आणि ही खोली यांतल्या फरकाचा साधा हिशेब करता येतो. प्रत्येक हीटसिंकला एक औष्णिक रोध असतो: एक वॅट उष्णता सोडायला भोवतालच्या हवेपेक्षा तो किती अंश जास्त तापतो, तो आकडा. समजा, एच६१ वर बसवलेल्या छोट्या ठोकळ्याचा रोध सहा अंश प्रतिवॅट आहे. चिपसेट पूर्ण भाराने चालला तर ६.१ गुणिले ६, म्हणजे साधारण ३७ अंशांची वाढ. वातानुकूलित कचेरीत हवा २४ अंश आणि कॅबिनेटच्या आत ती आणखी आठ अंशांनी गरम, म्हणजे ३२. चिपसेट ६९ अंशांवर थांबतो. भिवंडीत बाहेर ४०, कॅबिनेटमध्ये ४८, चिपसेट ८५.

इथवरही ठीक आहे, कारण अशा चिपांची सोसण्याची मर्यादा साधारण शंभर अंशांच्या आसपास असते. आता पट्ट्यांमधल्या फटी तंतूंनी बुजल्या आणि रोध सहावरून नऊ झाला असं धरा. वाढ ५५ अंश. वातानुकूलित कचेरीतला चिपसेट ८७ वर जातो. म्हणजे घाणीने बुजलेला असूनही तो भिवंडीतल्या स्वच्छ चिपसेटच्याच पातळीला असतो. भिवंडीतला जातो १०३ वर. कीबोर्ड मध्येच गप्प होणं, हार्ड डिस्क दिसेनाशी होणं, ऐन बिल काढताना संगणक अडकून बसणं इथून सुरू होतं. हे आकडे समजावण्यासाठी धरलेले आहेत आणि प्रत्यक्षात चिपसेट क्वचितच पूर्ण भाराने चालतो. तरीही भिवंडीत हाताशी उरणारी मोकळीक किती कमी आहे, ते यावरून कळतं.

हाच हिशेब उलटा केला की कूलर निवडण्याचं माप हातात येतं. आतली हवा ४८ अंश आणि चिपसेट ८५ च्या वर जाऊ द्यायचा नाही, तर हाती ३७ अंश उरतात. त्यांना चिपसेटच्या वॅटने भागायचं. एच६१ ला सहा अंश प्रतिवॅटचा साधा ठोकळा पुरतो. जी३१ ला अडीचच्या खालचा लागतो. एक्स५८ सारख्या चिपसेटला दीडच्या खालचा, आणि तो नुसत्या ॲल्युमिनियमच्या लहान ठोकळ्यात मिळत नाही. उष्णतानळ्या किंवा जोराचा वारा लागतो.

तंतूंचा प्रश्न मात्र अंशांच्या हिशेबात बसत नाही. साधी धूळ कोरडी असते, फुंकर मारली की उडते. मागावर सूत कोरडं पडलं की तुटतं, म्हणून कारखान्यात हवा दमट राहावी असं पाहिलं जातं. पावसाळ्यात तर तो ओलावा आपसूकच असतो. ताण्याला दिलेली खळ स्टार्चची असते आणि माग चालताना तिची पूड झडत राहते. लांब तंतू, चिकट पूड आणि ओलावा एकत्र आले की त्यांचं कापडच विणलं जातं. इचलकरंजी, मालेगाव, सोलापूर या यंत्रमागांच्या गावांत संगणक उघडणाऱ्यांनाही हा थर ओळखीचा असणार. आणि संगणकाचा पंखा अडवणारी ही हवा मागावर उभा असलेला माणूस बारा-बारा तास ओढत असतो. कापसाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराला बिसिनोसिस असं नाव आहे. यंत्राच्या काळजीबद्दल लिहिताना हे विसरणं बरोबर नाही.

अशा हवेत चिपसेटवर छोटा पंखा बसवावा का? या लेखाचं उत्तर ठाम नकाराचं आहे, आणि त्यामागे दुसऱ्यांनी घेतलेला अनुभव आहे.

२००४ साली एनव्हिडियाचा एनफोर्स४ हा चिपसेट आला. तो एकाच चिपमध्ये सगळं करायचा आणि चांगलाच तापायचा. बऱ्याच बोर्डांवर त्याची जागा नेमकी ग्राफिक्स कार्डाच्या खाली येई, त्यामुळे उंच हीटसिंक बसत नसे. उपाय म्हणून सुमारे चाळीस मिलिमीटरचे चपटे, वेगाने फिरणारे पंखे बसवले गेले. ते आधी किरकिरू लागले, मग बंद पडू लागले. आसूसने पुढच्याच वर्षी ए८एन-एसएलआय प्रीमियम या बोर्डावर उष्णतानळी बसवून पंखाच काढून टाकला. त्याच काळात जुना पंखा काढून पंख्याशिवायचा कूलर बसवणाऱ्या हौशी लोकांची एक बाजारपेठच तयार झाली. झलमनचा निळा झेडएम-एनबी४७जे, थर्मलराइटचा उष्णतानळ्यांचा एचआर-०५, नॉक्टुआचा एनसी-यू६ ही त्या काळातली नावं.

पंधरा वर्षांनी तीच गोष्ट पुन्हा घडली. जुलै २०१९ मध्ये एएमडीचा एक्स५७० बाजारात आला. पीसीआय एक्स्प्रेसची चौथी पिढी आणण्याच्या नादात चिपसेटची उष्णता ११ ते १५ वॅटवर गेली आणि जवळजवळ सगळ्या बोर्डांवर छोटा पंखा परत आला. गिगाबाइटच्या एक्स५७० ऑरस एक्स्ट्रीमने मात्र पहिल्याच दिवसापासून मोठा हीटसिंक वापरून पंखा टाळला होता. २०२१ मध्ये एक्स५७०एस नावाने बिनपंख्याचे बोर्ड इतर कंपन्यांनीही काढले. मधल्या काळात आलेल्या बी५५० ला पंख्याची गरजच पडली नव्हती. ज्यांच्याकडे स्वच्छ हवा आणि मोठी प्रयोगशाळा होती, त्यांनीही दोनदा पंखा बसवला आणि दोनदा काढला.

छोट्या पंख्याचं दुखणं त्याच्या आकारात आहे. चाळीस मिलिमीटरच्या पंख्याचं क्षेत्रफळ एकशेवीस मिलिमीटरच्या पंख्याच्या एक नवमांश असतं. थोडाफार वारा द्यायचा तर त्याला मिनिटाला चार-पाच हजार फेऱ्या माराव्या लागतात. स्वस्त पंख्यात आस साध्या बुशात फिरतो, त्यातलं तेल उष्णतेने आटतं आणि उरलेल्या तेलात तंतू घुसतात. फिरता असेपर्यंत पंखा चालतो. वीज जाऊन परत आली की मात्र तो जागचा हलत नाही. भिवंडीत २००७ पासून वीजवितरण टोरंट पॉवरकडे आहे आणि जुन्या काळाइतकं भारनियमन आता नाही; पण पंखा अडकायला एक झटका पुरतो. बंद पडलेला पंखा आपल्या हीटसिंकला मदत तर करत नाहीच, वर हवेच्या वाटेत झाकण होऊन बसतो. प्रोसेसरचा पंखा थांबला तर बहुतेक बोर्ड ओरडून सांगतात किंवा संगणक बंद करतात. चिपसेटच्या पंख्यासाठी जुने स्वस्त बोर्ड काहीच करत नाहीत.

म्हणून भिवंडीसाठी निवड अशी करावी: चिपसेटवर बिनपंख्याचा हीटसिंक आणि हवा हलवण्याचं काम कॅबिनेटच्या मोठ्या, सावकाश फिरणाऱ्या पंख्याकडे. एकशेवीस मिलिमीटरचा पंखा हजाराच्या आसपास फेऱ्यांवर पुरेसा वारा देतो, आवाज करत नाही, बंद पडला तर दिसतो आणि गल्लीतल्या दुकानातही मिळतो. त्याचा झोत चिपसेटवरून जाईल असा तो पुढच्या बाजूला खाली किंवा बाजूच्या झाकणावर लावावा. कॅबिनेटमध्ये जागा नसेल तर प्लास्टिकच्या केबल टायने आतल्या पट्टीला बांधलेला ऐंशी मिलिमीटरचा पंखाही चिपसेटला चिकटलेल्या त्या छोट्या भिंगरीपेक्षा बरा.

हीटसिंक निवडताना दिसायला भरगच्च तो चांगला, ही समजूत इथे उलटी ठरते. दाट पट्ट्यांतून हवा जोराने ढकलावी लागते. आपसूक वर चढणारी गरम हवा त्यांत अडकते आणि तंतू तर हमखास. पट्ट्यांमध्ये पाच-सहा मिलिमीटरची फट असावी. घरातला रंगाचा ब्रश त्या फटीत शिरला पाहिजे, हे साधं माप धरावं. कॅबिनेट उभं असेल तर बोर्डही उभा असतो. तेव्हा पट्ट्यांच्या फटी वर-खाली जातील अशा दिशेने हीटसिंक बसवावा. आडव्या बसवल्या की प्रत्येक पट्टी गरम हवेला छत होते. आडव्या कॅबिनेटमध्ये पट्ट्यांऐवजी सुट्या खुंट्यांचा हीटसिंक बरा, त्यात हवा कुठूनही येते-जाते.

रंग हा नटवेपणा नाही. चकचकीत ॲल्युमिनियम आपल्याकडची उष्णता प्रारणाने फार कमी सोडतं. ॲनोडाइझ केलेला काळा किंवा निळा पृष्ठभाग कितीतरी पटींनी जास्त सोडतो. जोराचा वारा असतो तिथे हा फरक जाणवत नाही. वारा मंद असतो तिथे मात्र तो उपयोगी पडतो, आणि बिनपंख्याच्या कूलरला मंद वाराच मिळतो.

तांबं की ॲल्युमिनियम, हा प्रश्न दुकानात नेहमी निघतो. तांबं उष्णता जवळजवळ दुपटीने वाहून नेतं, हे खरं. पण त्याच आकाराचा तांब्याचा ठोकळा तिपटीहून जड असतो, आणि चिपसेटचा कूलर बहुधा प्लास्टिकच्या दोन खिट्यांवर किंवा एका तारेवर लटकलेला असतो. उभ्या बोर्डावर ते वजन सतत खाली ओढत राहतं. ज्या चिपांवर सिलिकॉनचा तुकडा उघडा असतो, त्यांचा कोपरा थोडा जरी एका बाजूला दबला तरी टवका उडू शकतो, आणि टवका उडालेली चिप दुरुस्त होत नाही. सहा वॅटच्या चिपसेटसाठी ही जोखीम घेण्यात अर्थ नाही. वीस वॅटच्या पुढे तांब्याचा तळ आणि त्यावर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या हे मिश्रण योग्य.

मापं घेतल्याशिवाय कूलर विकत घेऊ नये. तीन मापं लागतात: हीटसिंक धरणाऱ्या दोन भोकांमधलं मध्यापासून मध्यापर्यंतचं तिरकं अंतर, चिपसेटपासून ग्राफिक्स कार्डापर्यंतची उंची आणि आजूबाजूच्या कपॅसिटरपर्यंतची मोकळी जागा. भोकांचं अंतर बोर्डागणिक बदलतं. काही बोर्डांना भोकंच नसतात, तारेसाठी सोल्डर केलेल्या दोन कड्या असतात. फोटोवरून कूलर आणलेल्या माणसाची अडचण बहुधा या पहिल्या मापापाशी होते.

प्रत्यक्ष काम तासाभराचं आहे. वायर काढून बोर्ड कॅबिनेटबाहेर घ्यावा लागतो, कारण खिट्यांची टोकं बोर्डाच्या मागच्या बाजूला फुललेली असतात. बारीक तोंडाच्या पकडीने टोक दाबलं की खिटी स्प्रिंगच्या जोराने पुढे सरकते. अनेक वर्षं तापलेलं प्लास्टिक कधी कधी पकडीतच तुटतं, म्हणून नव्या खिट्या आधीच आणून ठेवाव्यात. खिट्या सुटल्या तरी हीटसिंक निघत नाही. तळाचा जुना थर चिकटून बसलेला असतो. इथे उपटायचं नाही. वायर काढण्याआधीच संगणक दहा मिनिटं चालवून थर मऊ करून घ्यावा, आणि आता हीटसिंक डावी-उजवीकडे हलकेच पिळावा. सुटल्यावर खाली काय दिसतं ते नीट पाहावं. जुन्या बोर्डावर पेस्टचा वाळलेल्या चुन्यासारखा पापुद्रा निघतो. तो मधोमध पातळ आणि कडेला जाड असेल तर ठोकळा नीट टेकत होता. एकाच बाजूला जाड असेल तर तो आधीपासूनच तिरका बसला होता, आणि संगणकाची तक्रार कदाचित तेवढ्याच कारणाने होती.

तो पापुद्रा नखाने किंवा स्क्रूड्रायव्हरने खरवडू नये. इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं. त्यात भिजवलेल्या सुती चिंधीने तो मऊ होऊन निघतो. नवी पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, चिपच्या मध्यावर. पेस्ट जास्त घातली की थंडावा वाढतो, हा गैरसमज दुरुस्तीच्या दुकानांतही आढळतो. पेस्टचं काम धातू आणि चिप यांच्यातल्या सूक्ष्म खाचांमधली हवा हुसकणं एवढंच आहे. हवेपेक्षा ती उष्णता कितीतरी चांगली नेते, पण ॲल्युमिनियमपुढे ती अडथळाच. थर जितका पातळ, तितका चांगला. कायम चिकटवणारा औष्णिक गोंद मात्र चिपसेटला लावू नये. पुढच्या वेळी हीटसिंकबरोबर चिपच उखडून येते.

भिवंडीत कारखान्यात कॉम्प्रेसर असला की साफसफाईला त्याची नळी घेण्याचा मोह होतो. तो आवरावा. कॉम्प्रेसरच्या हवेत पाण्याचे आणि तेलाचे तुषार असतात; ते तंतूंना आणखी चिकटवतात. जोराच्या झोताने पंखा त्याच्या नेहमीच्या वेगाच्या कितीतरी पुढे फिरतो आणि त्याचं बेअरिंग खराब होतं. हातातला विजेचा ब्लोअर चालेल. पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं आणि आधी ब्रशने थर सुटा करून घ्यायचा.

बसवल्यावर खात्री करावी. एच६१ आणि त्यानंतरच्या इंटेल बोर्डांत चिपसेटचं तापमान मोजणारा संवेदक चिपमध्येच असतो. एचडब्ल्यूइन्फोसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तो पीसीएच या नावाने दिसतो. दुपारी तीन वाजता, दार नेहमीसारखं बंद किंवा उघडं ठेवून, नेहमीचं काम करताना आकडा पाहावा. सकाळी गार हवेत पाहिलेला आकडा इथे कामाचा नाही. जी३१ च्या पिढीत असा आकडा मिळेलच असं नाही. तिथे डिजिटल तापमापकाची तार हीटसिंकच्या तळाला टेकवून मोजता येतं. हात लावून पाहण्याची जुनी रीत फसवी आहे: साठ अंशांचा धातू माणसाला दोन-तीन सेकंदांतच सोडावासा वाटतो, पण चिपसेटसाठी साठ अंश म्हणजे आरामाची स्थिती.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, मग विकणाऱ्याला ती आवडो वा न आवडो. एच६१ किंवा त्यानंतरच्या साध्या बोर्डाला नवा कूलर बहुधा लागतच नाही. कंपनीने बसवलेला ठोकळा साफ करून, पेस्ट बदलून, नीट टेकवून बसवला की पुरे होतं. संगणक अडकतो म्हणून थेट चिपसेटवर बोट ठेवण्याआधी वीज पुरवणारा एसएमपीएस, मेमरीचे संपर्क आणि बोर्डावरचे फुगलेले कपॅसिटर पाहावेत. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य तापमान दहा अंशांनी वाढलं की साधारण निम्मं होतं. चिपसेटच्या शेजारी उभे असलेले कपॅसिटर त्याची उष्णता सोसत असतात. जी३१, जी४१ वर, पंख्याचा आवाज करणाऱ्या जुन्या गेमिंग बोर्डांवर आणि एक्स५७० च्या पहिल्या बोर्डांवर कूलर बदलण्याचा विचार करावा. मात्र बोर्डाच्या किमतीपेक्षा कूलर महाग पडत असेल तर तोच पैसा कॅबिनेटच्या चांगल्या पंख्यावर आणि जाळीवर घालावा.

जाळीचं महत्त्व भिवंडीत कूलरइतकंच आहे. आत हवा ओढणाऱ्या पंख्यापुढे नायलॉनची बारीक जाळी लावली आणि आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त ठेवली, तर फटींमधून तंतू शिरत नाहीत. पण मागाच्या शेजारी ही जाळी आठवड्याभरात बुजते. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी ती काढून धुणार असाल तरच लावा; बुजलेली जाळी नसलेल्या जाळीपेक्षा वाईट. संगणक जमिनीवर ठेवू नये, कारण तंतू लोळत येऊन जमिनीलगतच साठतात. कचेरी आणि मागांच्या मध्ये काचेचं विभाजन असेल तर संगणक त्या विभाजनापासून दूरच्या भिंतीकडे, टेबलावर ठेवावा. टेबलाखालच्या बंद लाकडी कप्प्यात तो नीटस दिसतो, पण तिथे कुठलाही कूलर कामाचा नाही. तो आपलीच गरम हवा पुन्हा पुन्हा पितो.

हे सगळं करायला सर्वांत सोयीचा महिना एप्रिल. मे उजाडण्याआधीच्या एखाद्या सुट्टीच्या दिवशी कॅबिनेटचं बाजूचं झाकण उघडा, बोर्डावरचं चिपसेटचं नाव वाचून कुठेतरी लिहून ठेवा, आणि त्या काड्यापेटीएवढ्या ठोकळ्याच्या फटींमधून रंगाचा कोरडा ब्रश फिरवा.